हसण्याचा शॉट

"काका, मेल्यावर पोट आत नका ओढू ना," केयूर मॉनिटरमागून ओरडला. "सैल सोडा. डेड बॉडी एवढी फिट नसते."

अवधूत रिसबूड त्या वेळी खुर्चीत मान टाकून मेलेले होते, म्हणून त्यांना उत्तर देता आलं नाही. एरवी उत्तर तयार होतं. एकोणतीस वर्षांच्या या दिग्दर्शकाने आजवर एकही माणूस मरताना पाहिलेला नव्हता. त्याची आजीसुद्धा ठणठणीत होती आणि रोज मालिका संपली की त्याला फोन करून शाबासकी देत होती. अशा पोराने आपल्याला मरायला शिकवावं, हे मराठी टेलिव्हिजनच्या एकूण लायकीला धरूनच आहे, असं रिसबूडांचं मत पडलं.

"झालं तुमचं? उठू मी?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"उठा, उठा. रिहर्सल ओके. दहा मिनिटांत टेक."

वारज्याच्या पुढे डोंगराच्या कडेला एका बिल्डरने हौसेने बंगला बांधला होता आणि हौस फिटल्यावर तो शूटिंगला दिला होता. या बंगल्यात रिसबूड अडीच वर्षं 'भाऊसाहेब' होते, म्हणजे एका एकत्र कुटुंबाचे बाहेरून करारी आणि आतून मऊ असे प्रमुख. बंगल्यातली दगडी भिंत प्लायवूडची होती, देवघरातले देव पोकळ होते आणि जेवणाच्या टेबलावरच्या पुरणपोळ्या गेल्या पाडव्यापासून त्याच होत्या. सकाळी साडेआठला मोबाईलवर वीस पानं पाठवून देणारा लेखक, 'बाळ' म्हणताना जीभ अडखळणारी नायिका, शिंक आली तरी तीन-तीनदा चेहऱ्याजवळ जाणारा कॅमेरा, आणि हे सगळं मांडीवर ताट घेऊन रोज बघणारे लोक, यांपैकी कोणाला जास्त तुच्छ समजावं हे रिसबूडांना चोवीस वर्षांत ठरवता आलं नव्हतं. अर्थात या तुच्छतेपायी त्यांनी एकही काम नाकारलेलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

नारायण पेठेतल्या या गृहस्थांनी एकवीस वर्षं विमा कंपनीत कारकुनी केली आणि संध्याकाळी प्रायोगिक नाटकं केली. बेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून ते मालिकांत आले. चोपन्न मालिका झाल्या. त्यांत ते अठ्ठावीस वेळा वडील होते, नऊ वेळा थोरले काका, सहा वेळा मुख्याध्यापक आणि बाकी सगळे वकील, डॉक्टर, न्यायाधीश. लोक त्यांना रस्त्यात ओळखत, पण नेमकं कोण म्हणून ओळखायचं ते लोकांना सुचत नसे.

"तुम्ही ते हे ना?" लोक विचारत.

"हो, मी ते हेच," असं म्हणून रिसबूड पुढे चालू लागत.

या चोपन्न मालिकांत ते अकरा वेळा मेले होते आणि एकदाही कॅमेऱ्यासमोर मेले नव्हते. फोन वाजायचा, नायिकेच्या हातातलं तबक पडायचं, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर हार घातलेला फोटो. बाप मारायला एक फोन पुरतो, मग उगाच अर्धा दिवस कशाला घालवायचा, असं एका निर्मात्याने त्यांना चहा पिता पिता समजावून सांगितलं होतं. या वेळीही तसंच ठरलं होतं. भाऊसाहेब लोणावळ्याहून येताना घाटात जाणार आणि सूनबाई फोन घेणार. पण या वेळी रिसबूडांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. ते केयूरच्या व्हॅनिटी व्हॅनच्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी त्या पोराकडे भीक मागितली.

"मला इथे मरू द्या," ते म्हणाले. "घरात, खुर्चीत. संवाद नको, संगीत नको. एकच शॉट, मधे कुठे कापायचा नाही. एक मिनिटसुद्धा लागणार नाही."

केयूर चक्रावला. काका कधी जेवायला काय आहे एवढंही विचारत नसत. "ओके काका," तो म्हणाला. "प्रॉमिस. एक टेक, नो म्युझिक."

रिसबूडांकडे एक मरण होतं. एकतीस वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं.

डिसेंबरातली सकाळ होती. त्यांचे वडील खिडकीशी खुर्चीत बसून स्वेटर घालत होते. डावा हात बाहीत गेला होता आणि उजवा मागे दुसरी बाही शोधत होता. ती बाही धरून अवधूत शेजारी उभा होता. त्याच्या दुसऱ्या हातात नाटकाची वही होती, संध्याकाळी तालीम होती, आणि त्याचं सगळं लक्ष त्या वहीत होतं. वडिलांची बोटं हवेत चाचपडत होती. "बाबा, घाला हो लवकर," तो वैतागून म्हणाला. आधी हात थांबला. मग, अगदी सावकाश, मान कलली. अवधूतने स्वेटर काढला, वडिलांना उचलून पलंगावर निजवलं, अंगावर पांघरूण घातलं आणि मग घरच्यांना हाक मारली. बाबा झोपेत गेले, असं त्याने आईला सांगितलं, बायकोला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. झोपेत गेलेल्या माणसाबद्दल कोणी फार विचारत नाही. त्या क्षणी बापापेक्षा वहीत लक्ष होतं, याची लाज तर होतीच. पण त्याहून मोठी लाज ही, की बाप गेला त्याच घटकेला त्याच्यातल्या नटाने टिपून ठेवलं होतं: आधी हात, मग मान.

हे असलं मरण एखाद्या मोठ्या नाटकात खर्चायचं, असं रिसबूडांनी योजलं होतं. ते नाटक काही आलं नाही. आता सहासष्ट झाली, तेव्हा जिथे पाय टेकलेत तिथेच ते देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं. जागा भिकार होती, पण निदान कोणीतरी बघेल तरी.

टेकच्या आधी त्यांनी तनयाला जवळ बोलावलं. ही मालिकेतली सूनबाई. रील्सवर नाचून नाचून ती इथवर पोचली होती आणि तिच्याबद्दलचं आपलं मत रिसबूडांनी तिच्यापासून लपवलेलं नव्हतं.

"तू बाही धरून उभी राहा. माझ्याकडे बघायचं नाही. दुसऱ्या हातात मोबाईल घे आणि त्यात बघत राहा. हे जमेल ना?"

"जमेल, सर," ती म्हणाली. तिने टोमणा गिळला.

"ॲक्शन," केयूर म्हणाला.

भाऊसाहेबांचा डावा हात बाहीत गेला. उजवा मागे गेला आणि शोधू लागला. बोटं लोकरीच्या कडेला लागत होती आणि निसटत होती. त्यांना कसलीच घाई नव्हती. तनयाची नजर मोबाईलवर होती. मग, तिला कोणी सांगितलेलं नसताना, कागदावर एक अक्षर नसताना, ती मोबाईलमधून मान वर न काढता सहज बोलून गेली, "बाबा, घाला ना लवकर."

हात थांबला. मग मान कलली.

तनयाने मोबाईलमधून वर पाहिलं. पण तिने बाही सोडली नाही. लाईटवाले, साऊंडवाले, चहाचे कप घेऊन दारात आलेला माणूस, सगळे जागच्या जागी उभे होते. केयूर 'कट' म्हणायचं विसरला होता. म्हणाला तेव्हा हळू म्हणाला.

रिसबूडांनी डोळे मिटलेलेच ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या कामाबद्दल काही बोलावंसं वाटत नव्हतं. मनात एवढंच आलं, की बाबा, हे झालं एकदाचं.

"कॅमेरा बंद करू नगा!"

हा आवाज मेकअपवाल्या हिंमतरावांचा. हिंमतराव पिरंगुटचे. चाळीस वर्षं नटांच्या तोंडाला रंग लावत आले होते आणि मॉनिटरच्या मागे उभे राहून शॉट बघायचा त्यांचा हक्क कोणी हिरावून घेऊ शकत नव्हतं.

"सायेब, तसंच बसा," ते तिथूनच म्हणाले. "कॅमेऱ्यात बघून एकदा हसा, मग उठा."

रिसबूडांना ही प्रथा माहीत होती. पडद्यावर मेलेल्या नटाने त्याच टेकला जोडून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. नाहीतर तो शॉट त्याचा शेवटचा ठरतो. नंतर एडिटिंगमध्ये ते हसणं कापून टाकतात. मोठमोठे नट मुकाट्याने हसतात. पण रिसबूड तरुणपणापासून गंडेदोरे आणि नवस-सायास यांवर तोंडसुख घेत आलेले होते.

"हिंमतराव, यापूर्वी अकरा वेळा मेलो मी. तेव्हा नाही कोणी हसायला लावलं."

"तवा तुमी फोनवर मेला हुता. ह्यो समोरचा हाय. हसा की वाईच. काय जातंय तुमचं?"

"अक्कल जाते."

कोणी हललं नाही. कॅमेरामनने बटणावरचा हात काढून घेतला होता. लाईटवाले हाताची घडी घालून उभे होते. जो केयूर परदेशात शिकून आला होता तोही मॉनिटरमागून मान बाहेर काढून म्हणाला, "द्या ना काका, एक स्माईल. लोकांना बरं वाटतं."

रिसबूडांच्या अंगाचा तिळपापड झाला. आत्ता, या खुर्चीत काय घडलं हे यांना कळलं होतं असं त्यांना क्षणभर वाटलं होतं. यांना काहीही कळलेलं नव्हतं! यांना शकुन हवा होता. एक साधं, ओठातल्या ओठात हसून टाकलं असतं तरी भागलं असतं. पण साधं काही करणं रिसबूडांच्या स्वभावात नव्हतं. मान तशीच कललेली ठेवून त्यांनी एक डोळा उघडला, तो थेट कॅमेऱ्याला लावला, आणि वरची कवळी दिसेल इतके दात विचकून, जीभ बाहेर काढून, त्या सगळ्यांना त्यांच्या लायकीचं हसू देऊन टाकलं.

"बास!" हिंमतरावांनी हात जोडले. "आता शंभर वर्सं काळजी न्हाई."

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला तो भाग होता. रिसबूडांच्या घरात मालिका लावायला बंदी होती. उल्का, म्हणजे त्यांची बायको, ती शेजारी जाऊन बघत असे. या वेळी मात्र त्यांनी स्वतः फोन करून माणसं बोलावली.

"चोवीस वर्षांत कोणाला सांगितलं नाहीत, काय करता ते," उल्का कणीक मळता मळता म्हणाली. तिने मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला होता आणि तिचं कौतुकही खडूने फळ्यावर लिहिल्यासारखं कोरडं असे. "आज एकदम बटाटेवडे करायला सांगताय. पद्मश्री वगैरे मिळाली का?"

"सौमित्र येणार आहे."

"अस्सं. म्हणजे परीक्षा आहे."

तिने बरोबर ओळखलं होतं. सौमित्र त्यांच्या जुन्या नाटक मंडळीचा दिग्दर्शक. सत्तरी ओलांडली तरी त्याच्या खांद्यावरची शबनम उतरली नव्हती. 'माध्यमांनी केलेली नटाची हत्या' या विषयावर तो गावोगावी भाषणं देई. पस्तीस वर्षांपूर्वी एका तालमीनंतर तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "अवधूत, तुझं काम नेटकं असतं. फाईल लावल्यासारखं." ते वाक्य रिसबूडांच्या मनावरून अजून उतरलेलं नव्हतं. आज ते उतरणार होतं.

सौमित्र आणि मंडळींतले आणखी तिघे आले. वडे झाले. साडेसात वाजले.

पहिल्याच सेकंदाला ढोल वाजला. भाऊसाहेबांचा हात बाहीत गेला आणि चित्र थरथरलं. हात मागे जाऊन शोधू लागला, तेवढ्यात मधेच भाऊसाहेबांच्या मुलाचं लग्न दिसलं, अक्षता, सनई, सगळं. मग परत हात, पण उजवीकडून. मग तनयाचा चेहरा, एकदा, दोनदा, तीनदा. तिचं ते वाक्य ढोलाखाली गेलं. रिसबूडांनी खुर्चीच्या कडा धरल्या. एक टेक, नो म्युझिक! शेवटी मात्र, मान कलते तिथे, मूळ शॉट आला. संगीत थांबलं. भाऊसाहेब खुर्चीत निश्चल. सौमित्रने तोंडाजवळ नेलेला वडा खाली घेतला, हे रिसबूडांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

मग मेलेल्या भाऊसाहेबांनी एक डोळा उघडला आणि सबंध महाराष्ट्राकडे बघून दात विचकले. जीभ काढली. आणि चित्र तिथेच गोठलं. खाली अक्षरं आली, 'पाहा उद्याच्या भागात'.

"अरे वा!" सौमित्र म्हणाला. "हे तर अगदी प्रायोगिक निघालं!"

मग खोलीत जो हशा फुटला तो आवरेना. एकाला ठसका लागला. सौमित्र डोळे पुसत होता. रिसबूडांनी उल्काकडे पाहिलं. तिने ओढणी तोंडावर दाबून धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. बाकीच्यांचं त्यांना काही वाटलं नाही. त्या लोकांची पायरी त्यांना आधीपासून माहीत होती. उल्काचं मात्र फार लागलं. त्या दिवसापासून ते तिच्याशी कामापुरतं बोलू लागले.

झालं होतं ते असं. भाग चार सेकंद कमी पडत होता. वाहिनीला भाग पाठवायची वेळ टळत आली होती. एडिटिंगला बसलेल्या कोणा सहायकाने मान मोडून काम करता करता शेवटचा शॉट चार सेकंद लांबवला, पुढे काय आहे ते न बघता. हसणं त्याच शॉटला जोडलेलं होतं. हिंमतरावांनी कॅमेरा बंद करू दिला नव्हता ना!

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते दात पुणेभर झाले. 'सोमवारी ऑफिसला जाताना मी' असं लिहून कोणी ते पाठवत होतं, तर कोणी 'सासूबाई झोपल्यात असं समजून' असं लिहून. त्यांच्या सख्ख्या भाच्याने घरच्या ग्रुपवर तेच चित्र 'शुभ सकाळ' म्हणून टाकलं. दूध आणायला गेले तर दुकानदाराने पिशवी पुढे करत विचारलं, "काय भाऊसाहेब, उठलात?" चोवीस वर्षं ज्यांना त्यांचं नाव आठवत नव्हतं ते आता लांबूनच एक डोळा मिटून जीभ दाखवत होते. रिसबूड मान ताठ ठेवून चालत राहिले. या गावाकडून त्यांची याहून चांगली अपेक्षा कधीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी केयूरचा फोन आला. तो आनंदाने फुटायचा बाकी होता.

"काका, तुम्ही व्हायरल! मिस्टेक आमचीच, सॉरी, पण एका अर्थी बेस्टच झालं. उद्या सेटवर या ना, प्लीज."

रिसबूड वारज्याला गेले ते एक गोष्ट मागायला. बंगल्यात केयूरने त्यांना सोफ्यावर बसवलं आणि स्वतः उभं राहून नवी गोष्ट सांगितली. भाऊसाहेब मेलेलेच नव्हते. घरातलं कोण खरं आणि कोण खोटं हे बघायला त्यांनी मेल्याचं सोंग केलं होतं. ते हसणं म्हणजे प्रेक्षकांना दिलेला इशारा. पुढचं अख्खं वर्ष भाऊसाहेबांचंच.

"लीड, काका! तुम्ही लीड!"

"ते चार सेकंद काढा," रिसबूड म्हणाले. "ॲपवर भाग आहे ना अजून? तिथे मूळ शॉट लावा. अख्खा, न कापता. तुम्ही कबूल केलं होतं. एवढं करा, मग पुढचं बोलू."

"काका, पण लोक तेच चार सेकंद बघायला येतायत."

"आणि आधीचं?"

केयूर गोंधळला. "आधीचं म्हणजे? स्वेटरवालं? हो, तेही छान होतं की."

तेही छान होतं की! रिसबूड उठले. बापाचं मरण त्यांनी या पोराच्या हातात आपण होऊन दिलं होतं. आता तो ते सोंग होतं असं जाहीर करणार होता, आणि त्या सोंगात बापाच्या जागी बसून वर्षभर दात काढायला त्यांनाच बोलावत होता.

"केयूर, मी मेलोय," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या तारखा मिळत नसतात."

दारात हिंमतराव उभे होते. हातातल्या पफवरची पावडर त्यांच्या सदऱ्यावर सांडली होती.

"सायेब, माझ्यापायी झालं ह्ये समदं."

"तुमचा काय संबंध?" रिसबूड चपला पायात सरकवत म्हणाले. "दात माझे होते."

दहा दिवसांनी मालिकेच्या तळाशी एक पट्टी सरकू लागली: यापुढे भाऊसाहेबांच्या भूमिकेत सौमित्र गद्रे. त्याने आदल्या दिवशी फोन केला होता. नाटकवाल्यांनी कुठलंही माध्यम नाकारून चालत नाही, असं काहीतरी तो बराच वेळ सांगत होता. रिसबूडांनी फोन टेबलावर ठेवला, पंखा पुसून घेतला आणि परत उचलला तेव्हाही तो सांगतच होता. पहिल्या भागात सौमित्रने ते हसणं अगदी मन लावून करून दाखवलं. नेटकं झालं होतं. उल्का शेजारी जाऊन बघून आली आणि म्हणाली, "जीभ फारच बाहेर काढतो हो."

त्यांना कामं येत होती. सगळ्यांना ते दात हवे होते. टूथपेस्टच्या एका जाहिरातवाल्यालाही हवे होते. रिसबूड प्रत्येकाला नको म्हणत होते. चोवीस वर्षांत त्यांनी जेवढा नकार दिला नव्हता तेवढा त्यांनी त्या महिन्यात दिला. मग फोन येईनासे झाले.

एका दुपारी जेवणं उरकल्यावर हिंमतरावांचा निरोप आला. आधी एक व्हिडिओ आणि मग त्यांचा आवाज. "सायेब, आमच्या मालकिणीला दावायला मी तवा मॉनिटरवरनं मोबाईलात घेतलं हुतं. मधी कापलेलं न्हाई, गाणं न्हाई. पर शेवटाला त्ये हसायचं बी हाय. मला काढता येत न्हाई. तुमचं तुमी काढून घ्या."

रिसबूडांनी व्हिडिओ लावला नाही. मोबाईल पालथा घालून ते बसून राहिले. उल्का समोर पेपर वाचत होती. महिनाभर दोघांमध्ये भाजी आणि गॅसची टाकी यांपलीकडे बोलणं नव्हतं.

"कोणाचं काय आलं?" तिने विचारलं.

त्यांनी मोबाईल तिच्यापुढे सरकवला.

उल्काने चष्मा लावला. चित्र हलत होतं आणि एका कोपऱ्यात हिंमतरावांचं बोट आलं होतं. पण सगळं होतं. हात बाहीत गेला. दुसरा मागे गेला, शोधत राहिला. बोटं लोकरीला लागून निसटली. तनयाचा आवाज नीट ऐकू आला, "बाबा, घाला ना लवकर." हात थांबला. मग मान. रिसबूड पडद्याकडे बघत नव्हते, ते उल्काकडे बघत होते. तिचा चेहरा हलला नाही. केयूरचा 'कट' हळूच आला. मग हिंमतरावांचा आवाज, "कॅमेरा बंद करू नगा. सायेब, तसंच बसा, कॅमेऱ्यात बघून एकदा..."

उल्काने अंगठा दाबला. चित्र थांबलं.

"पुढचं मी पाहिलंय," ती म्हणाली.

रिसबूडांनी घसा खाकरला. एकतीस वर्षांत जे वाक्य त्यांनी कोणापाशी काढलं नव्हतं ते अगदी साध्या आवाजात बाहेर पडलं.

"बाबा असे गेले, उल्का. झोपेत नाही गेले. बाही माझ्या हातात होती."

तिने वर पाहिलं नाही. ती म्हणाली, "आणि मी त्या दिवशी हसले."

"सगळेच हसले."

"मी सगळ्यांतली आहे का?"

अंगठा काचेवर रोवून ती बसली होती. सुटला तर पुढचं सुरू होईल अशी तिला भीती असावी, कारण नखाचं टोक पांढरं पडलं होतं. एकदा दाबलं की ते थांबतं, धरून ठेवावं लागत नाही, हे रिसबूडांना माहीत होतं. आयुष्यभर त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढल्या होत्या. त्यांनी खुर्ची थोडी जवळ ओढली आणि तिला काही सांगितलं नाही.